उत्तर इंग्लंडमधलं गाव कथेत आणताना: खरं घ्यायचं, की मनानं वसवायचं?

माझी पहिली 'विलायती' कथा एका दिवाळी अंकात आली, तेव्हा मला हडर्सफील्डजवळ राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नायिका डिसेंबरात हॅलिफॅक्सच्या टेकडीवर संध्याकाळी पाच वाजता मावळतीचं ऊन अंगावर घेत उभी आहे, असा प्रसंग होता. मला तो फार आवडला होता. ब्रॅडफर्डमध्ये तीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या एका मराठी बाईंनी दोन ओळींचं पत्र पाठवलं: 'डिसेंबरात इथं पावणेचारला सूर्य मावळतो. पाच वाजता तुमच्या नायिकेच्या हातात बॅटरी द्या.'

तेव्हापासून मी गावाचा गृहपाठ केल्याशिवाय कथेचा कागद काढत नाही. इथं शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडं आलेले आणि इथल्या मातीवर मराठीत काहीतरी लिहावंसं वाटणारे बरेच जण भेटतात. सगळे त्याच खड्ड्यात पडतात, म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

१. 'उत्तर' म्हणजे नेमकं कुठलं, ते आधी ठरवा

'नॉर्थ' म्हणजे एकच सलग मुलूख नव्हे. मधोमध पेनाइन डोंगरांची रांग आहे. तिच्या पश्चिमेला लँकेशर, तिथं कापूस. पूर्वेला यॉर्कशर, तिथं लोकर. हा योगायोग नाही. पश्चिमेची हवा दमट, तिच्यात सुताचा धागा कमी तुटतो, आणि अमेरिकेचा कापूस लिव्हरपूल बंदरात उतरायचा. दक्षिण यॉर्कशरमध्ये बार्न्सली, डॉनकास्टर ही कोळशाची गावं, शेफील्ड पोलादाचं, सुंदरलँड जहाजं बांधणारं, हल आणि व्हिटबी समुद्रावर जगणारी. बार्न्सलीचा बाप खाणीत जातो, ओल्डमचा सूतगिरणीत. या दोघांची अदलाबदल केलीत, तर जाणता वाचक तिथंच पान मिटेल.

घरांचा रंगही बदलतो. यॉर्कशरच्या डोंगराळ भागात खरबरीत वाळूचा दगड, लँकेशरच्या सपाटीवर लाल वीट. 'लाल विटांच्या चाळींनी भरलेलं हेब्डन ब्रिज' असं वाक्य मी एका हस्तलिखितात वाचलंय. त्या वाक्यात दोन चुका आहेत. दुसरीकडं मी सातव्या पायरीत येतो.

सापळा: १ एप्रिल १९७४ ला जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या. ग्रेटर मँचेस्टर, वेस्ट यॉर्कशर ही नावं तेव्हापासूनची. त्याआधीच्या कथेत 'वेस्ट रायडिंग' म्हणायचं. सॅडलवर्थ तर जुन्या यॉर्कशरमधलं, ते उचलून ओल्डमला जोडलं. तिथल्या म्हाताऱ्याला 'तुम्ही लँकेशरचे ना?' असं विचारून बघा, कथेला एक प्रसंग आयताच मिळेल. टॉडमॉर्डनचा टाऊन हॉल १८७५ साली नदीवर कमानी टाकून बांधला आणि दोन काउंट्यांची तेव्हाची हद्द त्या इमारतीच्या खालून जायची. म्हणजे बॉलरूममध्ये नाचणारं जोडपं एका गिरकीत लँकेशरमधून यॉर्कशरमध्ये जात असे. असं काही मला सुचलं असतं तर संपादकानं 'अतिशयोक्ती' म्हणून कापलं असतं.

२. खरं, मनातलं, की मिसळलेलं?

तीन वाटा आहेत आणि तिन्ही इथल्या लेखकांनी चालून झाल्यात.

खरं गाव, खऱ्या नावानं: व्हिटबी. 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात तिथं राहिला. मठाचे भग्नावशेष, चर्चकडं चढणाऱ्या १९९ पायऱ्या हे सगळं त्यानं होतं तसं उचललं. १८८५ मध्ये दिमित्री नावाचं रशियन जहाज तिथं किनाऱ्यावर आदळलं होतं. त्याचं कथेत 'डिमीटर' झालं. गाव खरं, पायऱ्या खऱ्या, खोटा फक्त पाहुणा.

मनातलं गाव, ज्याच्यामागं खरं उभं आहे: एलिझाबेथ गास्केलबाई स्वतः मँचेस्टरला राहायच्या, पण कादंबरीत त्यांनी त्याचं 'मिल्टन' केलं. डिकन्स १८५४ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप बघायला प्रेस्टनला जाऊन आला आणि त्याच वर्षी त्याचं 'कोकटाऊन' छापून आलं. ९ डिसेंबर १९६० पासून टीव्हीवर चालू असलेल्या कॉरोनेशन स्ट्रीटचं 'वेदरफील्ड' म्हणजे सॅलफर्ड. जेम्स हेरियट या टोपणनावानं लिहिणाऱ्या गुरांच्या डॉक्टरानं थर्स्कचं 'डॅरोबी' केलं, आणि त्यात आसपासच्या दोन-चार गावांचीही भर घातली. कथाकारांचं सोडा, १९३७ साली सामान्य माणसांच्या जगण्याच्या नोंदी घ्यायला निघालेल्या मास ऑब्झर्व्हेशनच्या मंडळींनीही बोल्टनला 'वर्कटाऊन' असं खोटं नाव दिलं होतं.

तिसरी वाट मिसळीची आणि नवख्यानं हीच धरावी, असं माझं मत आहे. मोठी शहरं खरी ठेवा: लीड्स, मँचेस्टर, हॅलिफॅक्स. त्यांच्यामधली एक आडवळणाची दरी निवडा आणि तिच्यात आपलं गाव वसवा. पात्रं खऱ्या रेल्वेनं खऱ्या शहरात कामाला जातात, संध्याकाळी खोट्या गावात परततात. वाचकाला पाय ठेवायला जमीन मिळते आणि तुम्हाला हवी तिथं खानावळ, दवाखाना, दफनभूमी उभारता येते.

सापळा: खऱ्या दोन स्टेशनांच्या मध्ये तिसरं घुसडू नका. काल्डर दरीत सॉवरबी ब्रिज, मिथमरॉइड, हेब्डन ब्रिज, टॉडमॉर्डन, वॉल्सडेन ही स्टेशनं अशी ओळीनं लागतात, की मध्ये कुत्र्याचं घर बसवायलाही सपाट जागा नाही. आपलं गाव बाजूच्या घळीत वर सरकवा आणि तिथं फक्त बस जाते असं ठेवा. बस चुकणं हे कथानकाला रेल्वेपेक्षा जास्त उपयोगाचं असतं.

आणि एक गंमत. हॉवर्थच्या माळावर टॉप विदन्स नावाचं पडकं शेतघर आहे. एमिली ब्राँटेच्या कादंबरीतलं घर ते हेच, म्हणून लोक चिखल तुडवत तिथवर जातात. भिंतीवर ब्राँटे सोसायटीनं १९६४ साली लावलेली पाटी काय सांगते? की ही इमारत धडधाकट होती तेव्हाही तिचं कादंबरीतल्या घराशी काही साम्य नव्हतं. फार तर आजूबाजूचा माळ लेखिकेच्या मनात असेल. मी पहिल्यांदा ती वाचली तेव्हा चार मैल चालल्याचा राग आला होता. आता वाटतं, मिसळीच्या वाटेचा सगळा धडा त्या पाटीवर आहे: माळ खरा, घर मनातलं.

३. गाव तिथं का वसलं, याचं उत्तर तयार ठेवा

मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. मनानं वसवलेली बहुतेक गावं फसतात ती वर्णनामुळं नाही. ती तिथं का आहेत, हे लेखकालाच ठाऊक नसतं, म्हणून फसतात. आपल्याकडं घाटाखालचं गाव आणि घाटमाथ्यावरचं गाव यांत फरक का, ते आपण सांगू शकतो. इथंही तेच करायचं.

काल्डर दरीचं उदाहरण घ्या, कारण ती मी पायांनी ओळखतो. आधी वस्ती डोंगरावर होती, दरीचा तळ दलदलीचा. वरचे लोक थोडी शेती आणि घरात हातमाग चालवायचे. हेप्टनस्टॉलला जा आणि घरांच्या वरच्या मजल्यावर बघा: दगडी पट्ट्यांनी विभागलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या खिडक्यांची लांब ओळ. ती शोभेला नाही, मागावर उजेड पडावा म्हणून. विणलेली थानं हॅलिफॅक्सच्या पीस हॉलमध्ये विकायला जायची. तीनशे पंधरा खोल्यांचं हे आवार १७७९ साली उघडलं, अजून धडधाकट आहे, आणि आत फुकट जाता येतं.

मग यंत्रं आली. त्यांना फिरवायला पडतं पाणी हवं, म्हणून गिरण्या घळींमधल्या ओढ्यांवर उतरल्या. पुढं वाफ आली, तिला कोळसा हवा, कोळशाला वाहतूक हवी. १८०४ साली पूर्ण झालेला रोचडेल कालवा आणि १८४१ मधली रेल्वे दोन्ही दरीच्या तळातून गेली. गाव डोंगरावरून खाली घसरलं. म्हणून हेप्टनस्टॉल वर, जुनं आणि शांत. हेब्डन ब्रिज खाली, नवं आणि गजबजलेलं. दोघांना जोडणारा 'बटरेस' नावाचा दगडी चढ आहे. हातात भाजीच्या दोन पिशव्या घेऊन मला तो चढायला पंचवीस मिनिटं लागली आणि मधे दोनदा उभं राहून दृश्य बघत असल्याचं नाटक करावं लागलं.

आता खाली जागा कमी आणि कामगार भरपूर, तर घरं कशी बांधायची? हेब्डन ब्रिजनं एकावर एक घरं बांधली. उतारावरची चार मजली रांग. खालचे दोन मजले एका कुटुंबाचे, त्यांचं दार खालच्या रस्त्यावर. वरचे दोन मजले दुसऱ्या कुटुंबाचे, त्यांचं दार मागच्या, वरच्या रस्त्यावर. खालच्यांची मागची भिंत म्हणजे डोंगर. तिकडं खिडकी नाही, ओल मात्र आहे. एकाचं छत ती दुसऱ्याची जमीन, पण दोघांचा पत्ता वेगळ्या रस्त्यावरचा. वरच्या घरात मध्यरात्री कुणीतरी खुर्ची सरकवली, तर खालच्याला ती ऐकू येते. आणि 'काय हो, एवढ्या रात्री कोण आलं होतं?' हे विचारायला जायचं तर टोकापर्यंत चालत जाऊन, पायऱ्या चढून, दुसऱ्या रस्त्यानं परत यावं लागतं. तोवर पाहुणा पसार. हे घर कुठल्या लेखकाला कल्पनेनं सुचलं असतं, सांगा. ते सुचतं दरी अरुंद आहे म्हणून.

त्याच अरुंदपणाची दुसरी बाजू पूर. २६ डिसेंबर २०१५ ला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, हेब्डन ब्रिज आणि मिथमरॉइडमध्ये पाणी दुकानांत शिरलं. या दरीत पुराचा भोंगा आहे, युद्धकाळातल्या हवाई हल्ल्याच्या भोंग्यासारखाच विव्हळतो. गाव वसवाल तेव्हा कोणतं घर बुडतं आणि कोणतं कोरडं राहतं ते आत्ताच ठरवा. त्यावरून गावात कोण कुणाशी बोलत नाही, तेही ठरेल.

४. नाव ठेवताना

इथल्या गावांच्या नावांना व्याकरण आहे. 'रॉइड' म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा, हे शेपूट हॅलिफॅक्सच्या आसपास फार. 'डेन' म्हणजे दरी, 'क्लफ' म्हणजे घळ, 'शॉ' म्हणजे छोटी राई. 'बी' आणि 'थॉर्प' ही समुद्रापलीकडून आलेल्या डॅनिश लोकांची देणगी, ती सपाट पूर्वेकडं जास्त. म्हणून सॉवरबीसारखा अपवाद सोडून अरुंद डोंगरी दरीतल्या गावाच्या नावाला 'बी' जोडलंत, तर ते कोकणातल्या वाडीला 'खुर्द' लावण्यासारखं कानाला खटकेल.

रस्त्यांच्या नावातलं 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे, तर रस्ता. कर्कगेट म्हणजे चर्चचा रस्ता. यॉर्कबद्दल विनोदच आहे की तिथं रस्त्यांना गेट म्हणतात, वेशींना बार म्हणतात आणि बारला पब. एका मित्रानं 'कर्कगेटच्या कमानीखाली' प्रेमिकांची भेट घडवून आणली होती. कमान नाहीच तिथं, बिचारे अजून शोधत असतील.

माझ्या गावाचं नाव मी 'हॉलिनडेन' ठेवलं. हॉलिन म्हणजे हॉलीचं काटेरी झाड, बाकी दरी. आधी एक 'रॉइड'वालं नाव ठरवलं होतं, पण शोधल्यावर त्या नावाचा रस्ता शेजारच्या गावात निघाला, तो सोडून दिला. तुम्हीही शोधा. मग नाव स्थानिक तोंडात कसं झिजेल ते ठरवा. बार्नोल्ड्सविकला लोक 'बार्लिक' म्हणतात, स्लेथवेटला 'स्लाविट'. यॉर्कशरचा माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळतो, म्हणून माझं गाव तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'ऑलिंडन' होतं. पाहुणा कोण आणि गावचा कोण, हे एका शब्दात कळतं.

५. लागणारे कागद आणि साधनं

- चालण्याचा नकाशा: ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर मालिकेतला. दक्षिण पेनाइनसाठी 'ओएल २१'. प्रमाण १ : २५,०००, म्हणजे शेताची कुंपणंसुद्धा दिसतात.
- जुने नकाशे: नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स नकाशे फुकट आहेत. जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. माझी कित्येक रविवारची भाजी याच्यापायी करपली आहे.
- जनगणना: शंभर वर्षांनी खुली होते. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये आली. १९३१ ची मात्र १९४२ च्या आगीत जळली आणि १९४१ साली युद्धामुळं झालीच नाही. त्यामुळं तिसाव्या-चाळिसाव्या दशकातल्या कथेसाठी '१९३९ चं रजिस्टर' हाच आधार. कोणत्या रस्त्यावर विणकर, कुठं मुकादम, कुठं विधवा भाडेकरू ठेवते, सगळं कळतं.
- जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या: कुठल्या गल्लीत किती खाटीक आणि किती पब, त्यासाठी. लेस्टर विद्यापीठानं बऱ्याच ऑनलाइन ठेवल्यात.
- गावचं वाचनालय: 'लोकल स्टडीज'चं कपाट विचारा. तिथल्या बाईंना काय शोधताय ते खरं-खरं सांगा, 'सहज बघतोय' म्हणू नका.
- चालती यंत्रं: ब्रॅडफर्डचं औद्योगिक संग्रहालय किंवा बर्नलीची वाफेवर चालणारी क्वीन स्ट्रीट मिल. यंत्र चालू असण्याचा दिवस आधी विचारून घ्या. माग सुरू झाल्यावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणूनच गिरणीतल्या बाया ओठ वाचून बोलायच्या.
- सूर्योदय-सूर्यास्ताचं कोष्टक. का, ते वर सांगितलंच आहे.
- पाणी न शिरणारे बूट.

६. वर्ष ठरवा आणि प्रत्येक वस्तू त्या वर्षाला विचारा

२१ जूनला उजेड रात्री दहापर्यंत रेंगाळतो, डिसेंबरात मुलं अंधारात शाळेत जातात आणि अंधार पडता-पडता परततात. हे झालं रोजचं. खरा घोटाळा दशकांचा होतो.

आज मधाच्या रंगाचा दिसणारा दगड १९५० साली काजळीनं काळा होता. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर हळूहळू कमी झाला आणि पुढं इमारती घासून-धुऊन काढल्या. म्हणजे १९४८ च्या कथेत 'सोनेरी दगडी घरं' नकोत आणि १९९५ च्या कथेत धुरांडी ओकायला नकोत. सॉल्टेअरची प्रचंड गिरणी १८५३ साली सुरू झाली, १९८६ मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षापासून तिथं चित्रकार डेव्हिड हॉकनीची चित्रं लागू लागली. एकाच इमारतीत आजी लोकर विंचरते आणि नात कॉफी पिते. खाणींचा मोठा संप मार्च १९८४ ते मार्च १९८५. खाणीच्या गावात त्या वर्षी कोण कामावर गेलं आणि कोण नाही, हा प्रश्न अजूनही लग्नाच्या जेवणावळीत उठतो. गिरणगावातला १९८२ चा संप ज्यांच्या घरात घडला, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

लँकेशरची एक खास चीज: 'वेक्स वीक'. प्रत्येक गावाचा वर्षातला एक आठवडा ठरलेला, त्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद आणि सगळं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर. रस्ते ओस, आकाश अचानक निळं. चोरी, पळून जाणं, गुपचूप परत येणं, काहीही घडवायचं असेल तर हा आठवडा सोडू नका.

७. टेरेस म्हणजे चाळ नव्हे

ही ती दुसरी चूक. मराठी लेखकाचा हात नकळत 'चाळ' लिहून जातो, माझाही जायचा. चाळीत गॅलरी सामाईक, नळ सामाईक, दारं उघडी. इथल्या टेरेसमध्ये भिंती सामाईक असतात, पण दार प्रत्येकाचं स्वतःचं आणि बंद. मागं छोटं फरसबंद अंगण, कोळशाची खोली, जुन्या काळी अंगणाच्या टोकाला संडास, आणि त्यामागं बोळ. सामाईकपणा असायचा तो मागच्या बोळात. सोमवारी तिथं आडव्या दोऱ्यांवर साऱ्या गल्लीचे कपडे वाळायचे.

'बॅक-टू-बॅक' हा आणखी वेगळा प्रकार. घराची मागची भिंतच दुसऱ्या घराची मागची भिंत, म्हणजे मागचं दार नाही, अंगण नाही, वारा एकाच बाजूनं. लीड्समध्ये अशी घरं थेट १९३७ पर्यंत बांधली गेली आणि आजही विद्यार्थी त्यांत राहतात. अशा घरातून पात्राला 'मागच्या दारानं' पळवू नका.

अब्रू उंबऱ्यावर असायची. बाया गुडघ्यावर बसून पायरी घासायच्या आणि 'डाँकी स्टोन' नावाच्या वडीनं तिच्या कडेला फिकट पट्टा ओढायच्या. भंगारवाला चिंध्यांच्या बदल्यात ती वडी द्यायचा. आपल्याकडच्या सडा-रांगोळीशी तुलना करायचा मोह होतो. करा, पण पात्राच्या मनात करा, निवेदकाच्या तोंडी नको.

देशी माणसं आणायची असतील तर तीही बेतानं. १९६० च्या दशकात ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांत रात्रपाळीला आले ते मुख्यतः पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे लोक, मंगला धरणात गावं बुडालेले त्यांच्यात बरेच. बोल्टन, प्रेस्टन, बॅटलीकडं गुजराती. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच बिछान्यात. मराठी माणूस इथं दिसतो तो बहुधा सरकारी रुग्णालयात डॉक्टर म्हणून आणि पुढं संगणकावर. १९६५ च्या ब्रॅडफर्डमध्ये मराठी विणकरांची अख्खी गल्ली वसवलीत, तर ती तुमच्या मनातच राहील.

आपला खरा धागा जुना आहे आणि तो कापसाचा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, लँकेशरला कापूस मिळेना आणि गिरण्या बंद पडल्या. मग हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस आला, 'सुरत' नावानं. तो मागावर सारखा तुटायचा. विणकर त्याला शिव्या घालायचे आणि 'सुरत' हा शब्दच हलक्या मालासाठी वापरू लागले. त्याच वर्षांत मुंबईत कापसाचे व्यापारी रातोरात गबर झाले आणि १८६५ मध्ये तितक्याच वेगानं बुडाले. ब्लॅकबर्नचा उपाशी विणकर आणि वऱ्हाडातला शेतकरी एका गासडीच्या दोन टोकांना. पुढं सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी डार्वेनला गेले, ज्यांच्या गिरण्या बहिष्कारानं मंदावल्या होत्या त्याच लोकांच्या घरी उतरले. ही कथा मी अजून लिहिलेली नाही. कुणी लिहिली तर मला पाठवा.

८. बोलणं आणि खाणं

यॉर्कशरच्या म्हाताऱ्याला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावू नका. मी करून बघितलंय; तो लगेच अकोल्याचा वाटू लागतो. वाक्यं आखूड ठेवा, कौतुक उलट्या बाजूनं करा. 'वाईट नाही' म्हणजे उत्तम. बसचालक बाईला तर म्हणतोच, पुरुषालाही 'लव्ह' म्हणतो. न्यूकासलला त्याचं 'पेट' होतं. हे दोन शब्द तसेच ठेवा, 'प्रिये' करू नका, कृपा करून.

'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळी साडेपाचचं. 'टीला ये' म्हटल्यावर माझी बायको चिवड्याचा डबा घेऊन गेली होती आणि समोर आली 'मीट पाय', म्हणजे मटण भरून भाजलेली पेस्ट्री. 'व्हाइल' चा अर्थ इथं 'पर्यंत' असाही होतो: नऊ व्हाइल पाच. साध्या पावाचं नावसुद्धा पत्ता सांगतं. मँचेस्टरला 'बार्म', शेफील्डला 'ब्रेडकेक', आमच्याकडं 'टीकेक' आणि त्यात मनुका नसतात.

चिप्सबद्दल सावध राहा. यॉर्कशरमध्ये पुष्कळ दुकानांत मासे-चिप्स गाईच्या चरबीत तळतात. आम्ही शाकाहारी म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ महिने फक्त बटाट्याच्या चिप्स आणत होतो. एके दिवशी बायकोनं सहज विचारलं, 'तेल कुठलं वापरता?' काउंटरमागच्या बाईनं अभिमानानं सांगितलं, 'तेल नाही लव्ह, अस्सल बीफ ड्रिपिंग.' आईला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

९. काय खोटं ठेवायचंच

रस्ते, टेकड्या, स्टेशनं खरी चालतील. पण ज्या दुकानात फसवणूक होते, ज्या शाळेत मास्तर मारतो, ज्या दवाखान्यात चूक होते, ते खोटं ठेवा, आणि त्या नावाचं खरं काही नाही ना ते बघा. कंपन्यांची नावं कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. बदनामीचा खटला ही इथं चेष्टा नाही.

खऱ्या दुर्घटनांबाबत माझा नियम कडक आहे. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर आग लागली आणि ५६ माणसं गेली. त्यांच्या घरचे त्याच शहरात राहतात. तारखेसकट उल्लेख करायचा तर अचूक करा. पण त्या ५६ मध्ये आपलं सत्तावन्नावं पात्र घालू नका. कथेला आग हवीच असेल, तर आपल्या गावात आपली गिरणी जाळा.

१०. नकाशा काढा आणि गावच्या माणसाला दाखवा

कथा दाखवू नका, ती मराठीत आहे. नकाशा दाखवा. मी हॉलिनडेनचा नकाशा वहीच्या जोडपानावर काढला: ओढा, गिरणी, वरची आळी, खालची आळी, चॅपेल, बस थांबा. शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या बाईंना चहाबरोबर दाखवला. त्यांचं सगळं तरुणपण लोकर गिरणीत गेलेलं. चष्मा लावून त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. पहिला प्रश्न, 'चिपी कुठंय?' म्हणजे मासे-चिप्सचं दुकान. मी घाईघाईनं काढलं. मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि वरच्या आळीपासून गिरणीच्या फाटकापर्यंत दोन घरांमधून एक सरळ रेघ मारली. 'गिनल,' त्या म्हणाल्या. दोन भिंतींमधला बोळ. 'रस्त्यानं वळसा घालून कोण जाईल, लव्ह? भोंगा झालेला असतो.'

माझ्या कथेत मुकादम रस्त्यानं उतरून फाटकावर आधी पोचायचा आणि मुलगी सापडायची. त्या बोळातून ती त्याच्या चार मिनिटं आधी पोचली. शेवटची सहा पानं पुन्हा लिहावी लागली.